जुनी विंडोज ठेवावी की बदलावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ ला आलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम दहा वर्षे टिकली आणि आजही ती घरांत, दुकानांत, शाळांत, करसल्लागारांच्या कचेऱ्यांत रोज सकाळी सुरू होते. मुदत संपली म्हणून कोणाचा संगणक बंद पडला नाही. फाइली उघडतात, प्रिंट निघतात, बँकेची वेबसाइटही उघडते. प्रश्न अवघड झाला आहे तो यामुळेच. बिघाड डोळ्यांना दिसला असता तर माणसाने मुकाट्याने खर्च केला असता. इथे दिसत काहीच नाही, तरी पडद्यावर अधूनमधून सूचना झळकते आणि दुकानदार म्हणतो, आता नवाच घ्या.

यावर दोन प्रकारचे सल्ले ऐकू येतात. एक म्हणजे, चालतंय ना, मग हात लावू नका. दुसरा म्हणजे, नवे आले की लगेच टाकून घ्या, मागे राहू नका. दोन्ही सल्ले अनुभवातून आलेले आहेत आणि दोघांच्याही बाजूने खरे दाखले देता येतात. ते दाखले समोर ठेवले की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. संगणकाचे वय किंवा नव्या विंडोजमधल्या नव्या सोयी यांवरून हा निर्णय करू नये. त्या यंत्रावर कोणते काम होते आणि ते इंटरनेटला जोडलेले आहे का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. एकाच कचेरीतल्या दोन संगणकांसाठी दोन वेगळी उत्तरे निघू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

देखभाल संपणे म्हणजे नेमके काय, तिथून सुरुवात करू. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. आपल्याकडे त्या मंगळवारी रात्री किंवा बुधवारी येऊन पोहोचतात. विंडोजमध्ये कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि त्यात चुका सापडत राहतात. काही चुकांतून परका माणूस संगणकात शिरू शकतो. दुरुस्ती आली की ती वाट बंद होते. आता विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्या आतला बराचसा भाग सारखाच आहे. ११ साठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जाणकार लोक ती उलगडून पाहतात आणि मुळात चूक कुठे होती हे शोधून काढतात. तीच चूक १० मध्ये असेल तर ती तिथे तशीच उघडी राहते, आणि ती कुठे आहे हे आता जगाला कळलेले असते. म्हणून धोका पहिल्या दिवशी फारसा नसतो, पण तो दर महिन्याला साचत जातो. मुदत संपून बरेच दिवस झाले तरी काही झाले नाही, हा युक्तिवाद त्यामुळे फसवा आहे.

याचा सगळ्यात मोठा दाखला २०१७ चा. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस पसरला आणि सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक त्याने कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या कामासाठी हेरून ठेवले होते आणि तिचे हत्यार चोरीला जाऊन एप्रिलमध्ये सर्वांसमोर आले होते. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण सगळा दोष विंडोज एक्सपीवर टाकतात, कारण एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. प्रत्यक्षात बळी पडलेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ वर होते. विंडोज ७ ची देखभाल तेव्हा चालू होती आणि नेमक्या या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिली होती. ती बसवून घेतलेली नव्हती. एक्सपीसाठी मात्र हल्ल्यानंतर, अपवाद म्हणून, दुरुस्ती काढावी लागली.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही एकत्र धरायला हव्यात. नवी सिस्टीम घेतली पण अपडेट बंद करून ठेवले, तर हाती काही लागत नाही. आपल्याकडे हे सर्रास होते. इंटरनेट हळू होते म्हणून, ऐन कामाच्या वेळी संगणक पुन्हा सुरू होतो म्हणून, किंवा दुकानदारानेच सांगितले म्हणून अपडेट कायमचे बंद केलेले असते. अशा माणसाने आधी अपडेट चालू करावेत, अपग्रेडचा विचार नंतर करावा. दुसरी गोष्ट, ज्याची मुदत संपली आहे त्याला दुरुस्ती बसवण्याचा पर्यायच नसतो. विंडोज ७ वाल्याकडे दोन महिने होते, त्याने ते घालवले. एक्सपीवाल्याकडे तेही नव्हते.

त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि त्याची झळ थेट न्हावा-शेव्याला लागली. जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाचे. मर्स्कची यंत्रणा जगभर कोसळली तेव्हा इथलीही कंटेनरची ने-आण विस्कळीत झाली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. पण नॉटपेट्याचा उगम पाहिला की अपग्रेडवाद्यांनाही थोडे थांबावे लागते. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो पसरवला गेला होता. शिवाय एकदा कचेरीच्या जाळ्यात शिरल्यावर तो पासवर्ड चोरून दुरुस्त्या बसवलेल्या संगणकांवरही गेला. म्हणजे दुरुस्ती हवीच, पण ती एकटी पुरत नाही. जाळ्यापासून वेगळी ठेवलेली प्रत, म्हणजे खरा बॅकअप, तिच्या इतकाच महत्त्वाचा.

मुदत संपलेल्या सिस्टीमबद्दल नियामक काय म्हणतात, त्याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. एक्सपीची देखभाल संपून चार वर्षे उलटली तरी देशातली पुष्कळ एटीएम एक्सपीवरच चालत होती. २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे ठरवून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव एटीएम, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम देखभाल चालू असलेल्या सिस्टीमवर आली पाहिजेत. ज्या यंत्रातून पैसे जातात ते उघडे ठेवता येणार नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. तोच विचार घरच्या संगणकाला लावावा. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात, आयकराचे विवरण भरले जाते, आधार आणि पॅनच्या प्रती ज्यात पडलेल्या असतात, तो आपल्यापुरता एटीएमच आहे.

आता दुसऱ्या बाजूचे दाखले. हात लावू नका म्हणणारे लोक आळशी किंवा अडाणी नाहीत, त्यांनी ठेचा खाल्लेल्या आहेत. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली तेव्हा कितीतरी प्रिंटर आणि स्कॅनर यांचे ड्रायव्हर तयारच नव्हते. ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटणच काढून टाकले होते, आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते परत द्यावे लागले. २०१६ मध्ये विंडोज १० लोकांच्या गळ्यात मारण्याची मोहीम इतकी पुढे गेली की कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेने न्यायालयात जाऊन मायक्रोसॉफ्टकडून १०,००० डॉलर भरपाई मिळवली. आपण परवानगी दिलेली नसताना अपग्रेड सुरू झाले आणि कामाचा संगणक निकामी झाला, अशी तिची तक्रार होती. ऑक्टोबर २०१८ चे विंडोज १० चे मोठे अपडेट तर काही जणांच्या फाइलीच पुसून गेले. ते थांबवून दुरुस्त करून नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा द्यावे लागले. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये, विंडोज ११ च्या मासिक अपडेटनंतर संगणक दुरुस्तीच्या पडद्यावर गेला की यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. म्हणजे ज्या पडद्यावर संकटकाळीच जायचे असते, तिथे गेल्यावर हातच बांधलेले. काही दिवसांत सुधारित अपडेट आले, पण विश्वासाला तडा गेलाच.

हे सगळे खरे असले तरी त्यातून निघणारा सल्ला मर्यादित आहे. नवी सिस्टीम किंवा तिचे वार्षिक मोठे अपडेट आले की पहिले काही महिने थांबावे. इतरांच्या अडचणी बाहेर येऊ द्याव्यात, मग पुढे जावे. विंडोज ११ ला हा सल्ला आता लागू होत नाही. ती ५ ऑक्टोबर २०२१ ला आली, म्हणजे १० ची मुदत संपली तेव्हा तिला चार वर्षे झाली होती. तिच्यातही न आवडण्यासारखे बरेच आहे. टास्कबार बाजूला नेता येत नाही, बसवताना मायक्रोसॉफ्टचे खाते उघडण्याचा आग्रह धरला जातो, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी जागोजागी समोर येतात. पण या गोष्टी सवयीच्या आणि आवडीनिवडीच्या आहेत. सुरक्षेच्या प्रश्नासमोर त्यांना मी फार वजन देणार नाही.

खरी अडचण आहे ती विंडोज ११ ने दारातच उभ्या केलेल्या अटींची. प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझनच्या २००० मालिकेचा, अथवा त्यानंतरचा हवा. टीपीएम २.० ही किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप हवी. संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा आणि सिक्युअर बूट जमणारा हवा. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढे कागदोपत्री पुरते. प्रत्यक्षात आठ जीबीपेक्षा कमी रॅमवर ती टाकू नये, असे मी सांगेन. इंटेलची आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली. म्हणजे २०१६-१७ मध्ये घेतलेला, एरवी उत्तम चालणारा सातव्या पिढीचा संगणक दाराबाहेर राहिला. ही रेघ तांत्रिक गरजेतून तिथेच ओढली गेली, हे मला पटलेले नाही. कारण मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात सातव्या पिढीचा जो प्रोसेसर घातला होता, तो मात्र यादीत घेतला. कॅनलिस या संशोधनसंस्थेचा अंदाज होता की विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराकडे जाऊ शकतात. एवढ्या यंत्रांना निकामी ठरवण्यासाठी याहून भक्कम कारण द्यायला हवे होते.

इथे वाचकाने एक गोष्ट तपासून पाहावी, कारण तिच्यामुळे हजारो रुपये वाचू शकतात. तुमचा संगणक चालणार नाही असा निरोप आला तरी तो दर वेळी अंतिम नसतो. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या कितीतरी संगणकांत टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. तसेच जुन्या सवयीने विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली असते, म्हणून सिक्युअर बूट चालत नाही. ती पद्धत सोडायची तर डिस्कची मांडणी बदलावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एक साधन दिलेले आहे आणि त्यासाठी फॉरमॅट मारावे लागत नाही. मात्र बॅकअप घेतल्याशिवाय आणि जाणकार शेजारी असल्याशिवाय याला हात लावू नये. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप नेमकी कोणती अट अडते आहे ते सांगते. अडते आहे ते टीपीएम असेल तर आशा आहे, प्रोसेसर असेल तर नाही.

अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतात. तसे करता येते, हे खरे. पण अशा संगणकाला अपडेट मिळत राहतील याची हमी कंपनी देत नाही, दरवर्षीचे मोठे अपडेट आपसूक येत नाही आणि ते दर वेळी हाताने बसवावे लागते. २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुने, कोअर टू ड्युओच्या काळातले प्रोसेसर पूर्णपणे बाद झाले. ज्याला स्वतः निस्तरता येते त्याने हा मार्ग घ्यावा. आईवडिलांच्या किंवा गिऱ्हाइकाच्या संगणकावर तो करू नये.

आता मराठी वाचकाला खास लागू होणारा भाग, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मराठी छपाईचा आणि डीटीपीचा फार मोठा व्यवहार अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टांवर उभा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती ही नावे प्रत्येक ऑपरेटरच्या तोंडी असतात. त्यांच्याबरोबर येतो पेजमेकर, ज्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये निघाली. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे तो फॉन्ट, आणि पुष्कळदा ते सॉफ्टवेअर, नसेल तर फाइल उघडूनही वाचता येत नाही. शिवाय ही सॉफ्टवेअरे बहुधा डोंगलवर, म्हणजे परवाना तपासणाऱ्या छोट्या जोडणीवर, चालतात. जुना डोंगल प्रिंटरच्या समांतर पोर्टात बसणारा असेल तर नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. यूएसबी डोंगल असेल तर त्याचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ ची मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा चालू देईलच असे नाही. आणखी एक फरक सहसा कोणी सांगत नाही. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती मिळत असे, ११ फक्त ६४ बिटमध्ये आहे. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. एखाद्या छोट्या कचेरीचा हिशेब अजून डॉसवरच्या फॉक्सप्रोत असेल, तर अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी तिथले काम थांबेल. डॉसबॉक्ससारख्या नकली डॉसमध्ये तो चालवून पाहता येतो, पण ती परीक्षा आधी घ्यायची असते.

छापखान्यातल्या अशा संगणकाबद्दल माझे मत घरच्या संगणकाहून वेगळे आहे. तो बदलू नये. पण त्याची इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावे आणि मजकुराची ने-आण पेनड्राइव्हने करावी. त्या पेनड्राइव्हची तपासणी आधी नव्या संगणकावर व्हावी. ईमेल आणि व्हॉट्सॲप त्या यंत्रावर उघडू नयेत. वॉनाक्राय जाळ्यातूनच पसरला होता. जाळ्यात नसलेले यंत्र जुने असले तरी त्याला दुरून कोणी हात लावू शकत नाही. यापेक्षा नेटका पर्याय म्हणजे नव्या संगणकात व्हर्च्युअल बॉक्स या मोफत सॉफ्टवेअरच्या आत जुनी विंडोज बसवायची आणि तिला नेट द्यायचे नाही. यूएसबी डोंगल बहुतेकदा तिथे पोहोचवता येतो. समांतर पोर्टाचा डोंगल मात्र नाही, त्यासाठी सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याशी बोलून नवा परवाना घ्यावा लागतो.

युनिकोडवाल्यांनाही एक छोटा धक्का बसू शकतो. विंडोज २००० पासून देवनागरीसाठी मंगल हा फॉन्ट विंडोजबरोबर येत असे. एक्सपीत तर देवनागरी नीट दिसावी म्हणून सीडी घालून वेगळ्या फाइली टाकाव्या लागत. विंडोज १० पासून मंगल आपसूक येत नाही. तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेला आहे आणि सेटिंगमधून मागवावा लागतो. नव्याने विंडोज टाकली की मंगलमधले जुने अर्ज आणि दाखले दुसऱ्याच फॉन्टात दिसतात, ओळी सरकतात, पाने वाढतात. फाइल बिघडली असे समजून लोक घाबरतात, पण फॉन्ट मागवला की सगळे जागेवर येते. जमेच्या बाजूला, मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, वेगळे काही टाकावे लागत नाही.

व्यवसायातल्या आणखी काही गोष्टी अशाच आधी तपासाव्या लागतात. जीएसटी आणि ई-निविदांसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर, जुना लेझर प्रिंटर, बारकोड यंत्र, दवाखान्यातल्या सोनोग्राफीला जोडलेला संगणक. यांतल्या शेवटच्या प्रकाराला तर यंत्राच्या कंपनीला विचारल्याशिवाय बोटही लावू नये. मार्चअखेरीस, विवरणाच्या शेवटच्या आठवड्यात किंवा दिवाळी अंकाचे काम चालू असताना अपग्रेड करू नये, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना लगेच बदलणे शक्य नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने मुदतवाढ ठेवली आहे. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. संगणकावर २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. ३० डॉलर भरून किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० बक्षीस गुण देऊन नोंदणी होते. विंडोज बॅकअपमधून आपली सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जोडून ठेवली तर पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच नोंदणीची कडी असते आणि एका नोंदणीत दहा संगणक बसतात. एवढी सोपी सोय असून तिची माहिती फार थोड्यांना आहे. कंपन्यांसाठी हिशेब वेगळा आणि कडक आहे: प्रत्येक संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. उशिरा सामील झाले तरी मागच्या वर्षांचे पैसे भरावे लागतात. त्या रकमेत कचेरीच्या कामाचा चांगला संगणक येतो, म्हणून कंपन्यांनी ही वाट वर्षभरापुरतीच धरावी. मुदतवाढीत फक्त दुरुस्त्या मिळतात, सोयी नाहीत आणि अडचणीला मदतही नाही. तिच्याकडे निर्णयासाठी मिळालेला वेळ म्हणून पाहावे.

हा वेळ महत्त्वाचा का, त्याला आणखी एक कारण आहे. सिक्युअर बूटसाठी २०११ मध्ये दिलेली प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात आणि नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात. ज्या संगणकाला अपडेटच येत नाहीत तो इथेही मागे राहतो. तो बंद पडणार नाही, पण सुरू होतानाची त्याची सुरक्षा जुनी होत जाईल.

तिसरी वाट लिनक्सची. सातव्या पिढीचा किंवा त्याहून जुना लॅपटॉप, ज्यावर मुले अभ्यास करतात, आजोबा बातम्या वाचतात, यूट्यूब आणि ईमेल चालते, त्याच्यासाठी मी ही वाट मनापासून सुचवेन. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षे देखभाल असते आणि घरगुती वापरासाठी पाच संगणकांपर्यंत ती मोफत दहा वर्षांवर नेता येते. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेली सिस्टीम वर्षानुवर्षे चालते आहे आणि तिथली मुले तिच्यावरच शिकली. देवनागरी उत्तम दिसते, इनस्क्रिप्टने टंकन होते, लिब्रेऑफिसमध्ये पत्रे आणि तक्ते होतात. पण श्रीलिपी, टॅली, पेजमेकर, एक्सेलमधले गुंतागुंतीचे मॅक्रो, ई-निविदांची टोकने यांपैकी काही लागत असेल तर लिनक्सच्या नादी लागू नये. पेनड्राइव्हवरून काही न बसवता तो चालवून पाहता येतो. वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, एवढे पाहून मग ठरवावे.

मॅकवाल्यांसाठी गोष्ट थोडक्यात संपते. ॲपल साधारण ताज्या तीन आवृत्त्यांना दुरुस्त्या देते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे. इंटेल मॅक असलेल्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत बदलाची तयारी ठेवावी. २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरे एका झटक्यात बंद केली होती. ती ओलांडायची असेल तर आपली जुनी सॉफ्टवेअरे आधी मोजून घ्यावीत.

एक विषय आपल्याकडे टाळला जातो, तो म्हणजे क्रॅक केलेली विंडोज. असेंबल केलेल्या संगणकावर दुकानदार पुष्कळदा ॲक्टिव्हेटर चालवून विंडोज टाकून देतो. तो ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केला जातो, आणि मग त्या प्रोग्रॅमला संगणकातले सर्व अधिकार मिळतात. तो कोणी बनवला आणि आणखी काय करतो हे दुकानदारालाही माहीत नसते. अशा पायावर दहा ठेवली काय आणि अकरा टाकली काय, सुरक्षेचा विचार करणे व्यर्थ आहे. परवान्याची विंडोज १० असेल तर, संगणक अटीत बसत असल्यास, ११ मोफत मिळते. नवा संगणक घेताना परवाना बिलात लिहून घ्यावा. ते परवडत नसेल तर क्रॅकपेक्षा लिनक्स हजार पटीने बरा.

आणि प्रत्यक्ष अपग्रेडचा दिवस. त्याआधी फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये, दुसऱ्या संगणकावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये आणि टॅलीच्या फोल्डरमध्ये असलेले हमखास राहून जाते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते पाहून कागदावर उतरवून ठेवावी. ही किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टसुद्धा फाइली परत देऊ शकत नाही. नव्याने टाकलेल्या २४एच२ मध्ये एन्क्रिप्शन आपसूक चालू होऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे. अपग्रेड झाल्यावर जुन्या विंडोजकडे परत जायला दहा दिवस मिळतात. त्या दहा दिवसांत प्रिंटर, टोकन, डोंगल, फॉन्ट आणि रोजचे प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा चालवून पाहावे. जुनी विंडोज साठवलेला फोल्डर जागा अडवतो म्हणून लगेच पुसू नये. आणि जुन्या हार्ड डिस्कवर चालणारा संगणक असेल तर त्याच वेळी एसएसडी बसवून घ्यावी. कमी खर्चात त्याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

माझा निवाडा असा: पैशाचे आणि ओळखपत्रांचे व्यवहार होणारा संगणक अटीत बसत असेल तर विंडोज ११ वर न्या, बसत नसेल तर आजच मुदतवाढीची नोंदणी करा आणि १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत लिनक्स किंवा नवा संगणक यांतले एक ठरवा. जुन्या कामाला बांधलेला संगणक नेटपासून तोडून आहे तसा ठेवा. ज्या प्रकाशकांकडे, छापखान्यांकडे आणि संस्थांकडे जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर साठला आहे, त्यांना मात्र एक विनंती. डोंगल चालतो आहे, ऑपरेटर कामावर आहे आणि जुना संगणक सुरू होतो आहे, तोवरच तो मजकूर युनिकोडमध्ये आणा. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि वेलांट्या माणसाकडून वाचून घ्या, आणि मूळ पानांची पीडीएफही सोबत ठेवा.